तिशीतच आई : सुलोचनादीदींना हिंदी सिनेमानं न्याय दिला का?

निपाणीकर
खडकलाट आमच्या निपाणीपासून जवळ. सुलोचनादीदींचा जन्म तिथला, ३० जुलै १९२८चा. दरवर्षी आमच्या ग्रुपवर ‘हिंदी सिनेमाची आई आपल्या बेळगाव जिल्ह्यातली’ म्हणून फोटो फिरतो. अभिमान मलाही आहे, खरं त्या ‘आई’ शब्दाचाच मला राग येतो. ‘सुजाता’ १९५९चा. त्यात शशिकला त्यांची मुलगी. शशिकलाबाईंचा जन्म १९३२चा, म्हणजे मायलेकीत चार वर्षांचं अंतर! मराठीत तेव्हा दीदी नायिका होत्या. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झालेली बाई ती.

सगळ्यात जास्त लागतं ते हे : १९५३च्या ‘वहिनींच्या बांगड्या’मधली वहिनी दीदींनी गाजवली. १९६१ला तीच गोष्ट हिंदीत ‘भाभी की चूड़ियाँ’ म्हणून आली. संगीतकारसुद्धा तेच, सुधीर फडके. वहिनी मात्र मीनाकुमारी. ज्या बाईनं ती भूमिका उभी केली तिला हिंदीनं दारातच थांबवलं. याला न्याय म्हणायचं?

शहापूरची लेक
दादा, मीनाकुमारीच्या नावावर हिंदी मुलखात तिकिटं खपत होती. पैसा लावणारा तेच बघणार. तो दीदींच्या अभिनयाचा अपमान कसा? आणि आईची भूमिका म्हणजे हलकी, हे तुम्हीच धरून चालला आहात. ‘सुजाता’तली दीदींची चारू आठवा. अस्पृश्य घरातली पोर वाढवते, जीव लावते, पण चारचौघांत ‘मुलगी’ म्हणायची वेळ आली की ‘मुलीसारखी’ म्हणते. तो एक ‘सारखी’ म्हणताना बाई वाईट दिसत नाही, भित्री दिसते. शेवटी त्याच पोरीचं रक्त तिला चढवावं लागतं. सिनेमा सुजाता झालेल्या नूतनचा आहे, कबूल. तरी बदलते ती चारूच.

खानापूरचा मास्तर
मराठीनं तरी काय वेगळं केलं? ‘वहिनींच्या बांगड्या’त पंचविशीतली बाई दिराची आईच झाली की. पुढं ‘मोलकरीण’, मग ‘एकटी’. सोशिक आई आपणच घडवली, हिंदीवाल्यांनी आयती उचलली. दोष द्यायचा तर कोल्हापूरपासून द्या.

निपाणीकर
मास्तर, फरक आहे. ‘मोलकरीण’मध्ये आई हीच गोष्ट आहे. पोटच्या पोराच्या घरात मोलकरीण होऊन राहणारी बाई, आणि ‘देव जरी मज कधी भेटला’ गाणारीही तीच. तिला काढलं तर सिनेमाच उरत नाही. हिंदीतल्या कितीतरी सिनेमांत आई आजारी पडते, आशीर्वाद देते, फोटोत जाते. अडीचशेच्या आसपास हिंदी सिनेमे केले म्हणतात. त्यांतल्या चारू किती, ते मोजा.

शहापूरची लेक
मोजायचं तर सगळंच मोजू या. त्यांच्या बरोबरीच्या नायिका चाळिशीत घरी बसल्या. दीदींचं काम पुढं कितीतरी वर्षं चालू राहिलं. ‘कटी पतंग’मध्ये सून म्हणून आलेल्या परक्या पोरीला जवळ घेणारी सासू आठवा. पोटापाण्यासाठी गावाकडनं आलेल्या बाईला हे स्थैर्य लहान वाटलं असेल असं मला वाटत नाही. १९९९ला पद्मश्री, नंतर महाराष्ट्र भूषण.

निपाणीकर
ताई, पुरस्कार म्हातारपणी आले. मी बोलतोय तिशीतल्या बाईबद्दल. मला तिला हिंदीत रागावताना, प्रेमात पडताना, चुकताना बघायचं होतं.

तुमचं ‘सारखी’ वाचल्यावर काल आज्जीला विचारलं. तिनं आयुष्यभर विड्या वळल्या. दुपारी मांडीवर सूप, त्यात पानं नि जर्दा, समोर टीव्ही. ‘सुजाता’ तिनं तसाच बघितला होता. विचारलं, कोण आठवतंय? म्हणाली, “ती आई. पोरीला जवळ घ्यायला हात उचलायची नि मागं घ्यायची. माझं पान हातातच राहायचं.”

नूतनचं नाव तिनं घेतलं नाही. एवढं तुमच्या बाजूनं लिहितो. बांगड्यांचा राग तसाच आहे.