ॲडलेडमध्ये लॉन काढून पिगफेस लावावं का?

मातीचेपाय:
नमस्कार मंडळी, ॲडलेडला घर घेऊन तीन वर्षं झाली, पुढच्या बाजूला उतार आहे आणि तिथलं लॉन दर डिसेंबरला करपतं ते थेट पाऊस पडेपर्यंत नुसती धूळ, पाणी घालून घालून मी कंटाळले. शेजारच्या आजी म्हणतात पिगफेस लाव (जमिनीवर पसरणारं, जाड रसाळ पानांचं झाड), इथलंच आहे, मरत नाही. डुकराचं तोंड, असं नाव ऐकून आधी हसूच आलं. आमच्या गल्लीच्या टोकाला कोणाच्या तरी कुंपणाबाहेर भरपूर पसरलंय, त्यांना विचारून चार फांद्या आणल्या तर लागतील का? माती चिकण आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात. आणि हो, मुलं तिथे खेळली तर चालेल का?

खुरपंबहाद्दर:
लावा ताई, पण आत्ता नोव्हेंबरात नको. मी तीच चूक केली, वर दया येऊन रोज संध्याकाळी पाणी घातलं, निम्मी कुजली. एप्रिलच्या आसपास लावा. गंमत बघा, पाऊस इथेही जून-जुलैतच, फक्त ऐन थंडीत, त्यामुळे मुळं धरायला आयता वेळ मिळतो आणि उन्हाळा यायच्या आत झाड तयार. साधारण वीतभर लांब फांदी घ्यायची, खालची पानं काढायची, एक-दोन दिवस सावलीत तशीच टाकायची म्हणजे कापलेली जागा सुकते, मग अर्धी मातीत. पेरापेराला मुळं सुटतात. दोन फांद्यांत दोन-अडीच फूट ठेवा, सुरुवातीला जागा रिकामी दिसेल तर घाई करून दाटी करू नका. चिकण मातीत पाणी साचतं तेच याला मारतं, उतार आहे तर तुमचं अर्धं काम झालंय, वर थोडी जाड वाळू-खडी मिसळून उंचवटे करा. खत नको. आणि खेळायला नाही चालणार, पानं रसाळ असतात, पायाखाली पचकतात.

कुंडीतलीदुनिया:
थांबा थांबा, हे तेच ना जे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सगळं गिळून बसलंय? तिकडे तर लोक उपटून काढतात! मग हे नेटिव्ह कसं?

वाळूतलंरान:
कुंडीताई, चुलत भावंडं आहेत ती. तिकडचं ते कार्पोब्रोटस एड्युलिस, मूळ दक्षिण आफ्रिकेचं, तिथे माती धरून ठेवायला म्हणून मुद्दाम लावलं आणि मग आवरेना. ते इथेही पसरलंय, किनाऱ्यावर तण म्हणूनच गणलं जातं. आपल्या भागातलं ते कार्पोब्रोटस रोसी, कारकल्ला म्हणतात त्याला, पूर्व किनाऱ्याचं ग्लॉसेसेन्स. आफ्रिकेवाल्याची आणि इथल्यांची, सगळ्यांचीच पानं तीन धारी, जाड, लांबून एकसारखीच, त्यामुळे फुकटच्या फांद्या आणताना लोक हमखास फसतात. फूल बघा. इथल्यांची फुलं गुलाबी-जांभळी, मधे पांढुरकी. पिवळं दिसलं की हात लावू नका. उलट मात्र खरं नाही, आफ्रिकेवाल्याचंही कधीकधी गुलाबी असतं, म्हणून गुलाबी दिसलं म्हणजे आपलंच असं समजू नका, खात्री नसेल तर नेटिव्ह रोपांच्या नर्सरीतूनच घ्या. आणि बघायला भर दुपारी जा, ढग आले की फुलं मिटतात. जागा लहान असेल तर डिस्फायमाही बघा, तेही नेटिव्हच, पानं काडीसारखी गोलसर आणि बारीक, जास्त नाजूक दिसतं.

खुरपंबहाद्दर:
हे मला सहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर! अजून एक, काही वर्षांनी मधला भाग काटक्यांसारखा होतो, तेव्हा तो कापून टाकायचा आणि कडेच्या ताज्या फांद्या तिथेच खोचायच्या. नवीन विकत आणायची गरज नाही.

मातीचेपाय:
आत्ता दुपारी जाऊन आले. पिवळीधमक फुलं! आजींनाही सांगून आले, तर त्या म्हणतात त्यांच्या मागच्या अंगणातलंही तिथूनच आणलेलं आहे. आता उपटायला मलाच बोलावलंय शनिवारी. डिस्फायमा बघते, एप्रिलपर्यंत उंचवटे तरी करून ठेवते.