तुतीची दोन झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविषयी

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. बी विंगच्या वाहनतळालगत असलेल्या दोन्ही तुतींची फळे गाड्यांवर पडून डाग पडतात, अशी लेखी तक्रार समितीकडे आली आहे. दोन्ही झाडे तोडावीत असा प्रस्ताव रविवारच्या सभेत येणार असल्याने आपली मते येथे आधीच नोंदवावीत.

बी-२०४: तक्रार माझी आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून माझी पांढरी गाडी रोज सकाळी जांभळ्या ठिपक्यांनी भरलेली असते, आणि सड्यावरून चालताना आईचा पाय दोनदा घसरला. झाडाशी माझे वैर नाही. परंतु हा त्रास दरवर्षी का सोसावा, एवढेच विचारतो.

ए-३०१: दादा, आईंचा पाय घसरणे ही गंभीर बाब आहे आणि त्यावर उपाय झालाच पाहिजे. मात्र ही दोन झाडे एका जातीची नाहीत, हे सभेपूर्वी सर्वांनी लक्षात घ्यावे. गाड्यांजवळची तुती आखूड, काळपट जांभळ्या फळांची आहे आणि डाग तिच्याच रसाचे आहेत, कारण त्या रसात अँथोसायनिन हे रंगद्रव्य भरपूर असते. कुंपणाकडचे झाड लांब फळांच्या तुतीचे, म्हणजे मोरस मॅक्रोरा या हिमालयाच्या परिसरातून आलेल्या जातीचे आहे. त्याचे फळ बोटाएवढे लांब होते, पण आपल्याकडचा प्रकार पिकल्यावरही हिरवट-पांढराच राहतो. त्यामुळे मुले ते कच्चे समजून सोडून देतात आणि आपल्या आवारातले सर्वांत गोड फळ मातीत जाते. त्यात आंबटपणा जवळजवळ नसतो, मधाचा गोडवा तेवढा असतो. जे झाड कोणाच्याही गाडीवर डाग पाडत नाही, त्याला या प्रस्तावात ओढणे मला अन्यायाचे वाटते.

जांभळ्या तुतीखाली फळांच्या दीड-दोन महिन्यांपुरती जुनी मच्छरदाणी किंवा शेडनेट चार खांबांना ताणून बांधावी आणि त्या दोन जागांवरील गाड्या पाहुण्यांच्या जागेत लावू द्याव्यात. बहर संपल्यावर वाहनतळाकडे झुकलेल्या फांद्यांची छाटणी करता येईल. तुतीला छाटणी चांगली मानवते, तिला नवी फूट जोमाने येते आणि त्या फुटीवरच फळे धरतात. झाड तोडायचे झाल्यास महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, हेही सभेत सांगावे.

सी-१०२: मी मूळचा जालना जिल्ह्यातला. आमच्याकडे तुती म्हणजे पाला. आमच्याकडच्या रेशमाच्या अळ्या दुसरे काही खातच नाहीत, म्हणून शेतात ती वरचेवर छाटून झुडपासारखी ठेवतात आणि फळाकडे कोणी पाहत नाही. जालन्याला कोषांची मोठी बाजारपेठ आहे. झाडभर पिकलेली तुती मी पहिल्यांदा या आवारात पाहिली, आणि माझी मुलगी बुलबुल ओळखायला शिकली तीही याच झाडावर. माझे मत झाडे राखण्याच्या बाजूने आहे.

बी-२०४: कुंपणाकडच्या झाडाबद्दल मला खरोखर कल्पना नव्हती, त्याचे नाव तक्रारीतून काढतो. जाळी बांधणार असाल तर जांभळ्या तुतीबाबतही यंदा थांबायला तयार आहे. फक्त एक सांगावे: रंग बदलत नसेल, तर ते लांब फळ पिकले हे ओळखायचे कसे?

ए-३०१: फळ फुगीर आणि मऊ होते, हिरवी झाक फिकी पडते, आणि हात लागताच ते सुटून येते. ओढावे लागले तर ते अजून तयार नाही असे समजावे. तोडल्यावर ते फारसे पिकत नाही आणि एका दिवसात पाणी सुटू लागते, म्हणून तोडाल ते त्याच दिवशी खावे. आईंसाठी उद्या सकाळी वाटीभर घेऊन येतो.

सचिव: प्रस्तावात दुरुस्ती केली आहे. कुंपणाकडील झाड वगळले असून जांभळ्या तुतीखालील जाळी, वाहनतळाच्या दोन जागा आणि बहरानंतरची छाटणी हे विषय सभेपुढे येतील. छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे करायचा अर्ज मी लिहून ठेवतो. ज्यांच्याकडे जुनी मच्छरदाणी असेल त्यांनी ती शनिवारपर्यंत कार्यालयात द्यावी.