देवबाग ते निवती, होडीतून डॉल्फिन आणि समुद्रपक्षी: सेटिंग काय, बसायचं कुठे?

ओलीवाळू

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मालवणजवळच्या देवबागला मुक्काम आहे. एक सकाळ होडीसाठी राखली आहे. कर्ली नदीच्या मुखातून बाहेर, भोगव्यावरून निवतीपर्यंत डॉल्फिनसाठी, आणि परतताना त्सुनामी आयलंडच्या वाळूवरचे पक्षी. जमल्यास वेंगुर्ला रॉक्स, म्हणजे समुद्रातले खडकही पाहायचे आहेत. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे, लेन्स ७०-३००. जमिनीवरून पक्ष्यांचे फोटो काढता येतात, पण हलत्या होडीतून कधी काढलेले नाहीत. ३०० मिमी पुरेल का, की १५०-६०० भाड्याने घ्यावी? ट्रायपॉड किंवा मोनोपॉड न्यावा का? शटर किती ठेवावं? होडीत कुठे बसावं? खाऱ्या पाण्याचं काय करायचं? वाहकाला आधी काही सांगून ठेवावं लागतं का, तेही सांगा.

मतलई

लेन्सच्या आधी होडीचं बोलू, कारण निम्मा फोटो होडी कुठे उभी आहे यावर ठरतो.

आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी ऊन जमिनीच्या बाजूने येतं. म्हणजे होडी किनारा आणि डॉल्फिन यांच्या मधे हवी, डॉल्फिन समुद्राच्या बाजूला. असं असलं की ऊन तुमच्या पाठीवर आणि डॉल्फिनच्या अंगावर पडतं, पाठीचा राखाडी रंग आणि ओली चमक दोन्ही दिसतात. होडी डॉल्फिनच्या पलीकडे गेली की समोर पाण्याची चकाकी आणि त्यात काळा ठिपका, एवढंच हाती लागतं. संध्याकाळच्या फेरीत हे सगळं उलटं होतं, म्हणून संध्याकाळ फक्त छायाकृतींसाठी ठीक.

देवबागहून निवतीकडे जाताना तोंड दक्षिणेला असतं, तेव्हा समुद्र उजव्या हाताला. जाताना उजवीकडे बसा, येताना डावीकडे. जानेवारीत सूर्य नेमका पूर्वेला नसतो, आग्नेयेकडे सरकलेला असतो. त्यामुळे परतीच्या वाटेवर पुढे-डावीकडे दिसणाऱ्या डॉल्फिनवर प्रकाश जास्त चांगला पडतो. जाताना कार्ड भरून टाकू नका.

वेळ: जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास. साडेसातला होडी मुखाबाहेर असावी. तोवर जमिनीवरून मतलई वारा असतो आणि किनाऱ्यालगतचं पाणी सपाट असतं. दहा-अकरानंतर समुद्राकडून खारा वारा धरतो, पाणी चुरचुरतं, पांढरे फेस दिसू लागतात, आणि त्या फेसांत डॉल्फिनची पाठ शोधणं अवघड होतं. शिवाय उन्हं तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरते. मग कितीही महाग लेन्स असो, शंभर मीटरवरचं काही धारदार येत नाही.

जागा: नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसण्याचा मोह होतो, पण लाटेवर तीच सर्वांत जास्त उचलते आणि तिथेच तुषार येतात. मध्यापासून जरा मागे, कठड्याजवळ, खाली बसा. अगदी मागे इंजिनाजवळ नको. धूर येतो, आणि त्या गरम हवेतून काढलेला फोटो मऊ येतो. ताडपत्रीच्या छपराची होडी असेल तर वरून जाणारे पक्षी दिसणार नाहीत हेही धरून चाला.

आता वाहकाशी बोलणं. पर्यटकांनी भरलेल्या होडीत सगळ्यांना दहा मिनिटांत डॉल्फिन हवा असतो, म्हणून वाहक वेगाने मागे लागतो. शक्य असेल तर पूर्ण होडी ठरवा आणि पैसे ठरतानाच सांगा: "काका, मागे लागू नका. लांबसून बघूया. इंजिन न्यूट्रलाक ठेवा." फोटोसाठीही हेच फायद्याचं. आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतो तो कुबड्या डॉल्फिन, शास्त्रीय नाव सौसा प्लम्बिया. तो उथळ पाण्यात छोट्या गटाने भक्ष्य शोधतो. होडी थेट अंगावर आली की गट दिशा बदलतो, लांब बुडी मारतो आणि वर येतो तेव्हा शेपटीकडची बाजू तुमच्याकडे असते. पाठलागातले फोटो जवळजवळ सगळे पाठमोरे येतात ते यामुळे. गटाच्या बाजूने, त्यांच्याच दिशेला, त्यांच्याच गतीने, ५० मीटर अंतर ठेवून चाललात तर ते आपला मार्ग सोडत नाहीत आणि बाजूचा फोटो मिळतो. आधीच दोन होड्या तिथे असतील तर तिसरी आपली नको.

चौकट_रेषा

१५०-६०० भाड्याने घेऊ नका. हिशेब सांगतो. क्रॉप सेन्सरवर ३०० मिमीने ५० मीटरवर चौकटीत सुमारे पावणेचार ते चार मीटर रुंदी मावते. पूर्ण वाढलेला डॉल्फिन अडीच मीटरच्या आसपास, त्यातली पाण्याबाहेर दिसते ती मीटरभर पाठ. म्हणजे चौकटीचा पाव भाग. त्यात भोवतीचं पाणी, उठणारी दुसरी पाठ, मागे निवतीचा डोंगर यांना जागा उरते. ६०० मिमीवर डॉल्फिन कुठे वर येईल हे माहीत नसताना चौकट तिथे नेईपर्यंत तो खाली गेलेला असतो. ३०० पेक्षाही २००-२५० वर लावून वाट पाहा, दिसल्यावर झूम करा.

मोड एम (मॅन्युअल), शटर १/२००० सेकंद, छिद्र एफ ७.१ किंवा ८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, वरची मर्यादा ३२००. संथ कमान करून जाणाऱ्या पाठीला १/१००० सुद्धा पुरतं, पण इथे डॉल्फिनपेक्षा होडीचं हलणं जास्त असतं. उडालेल्या पाण्याचे थेंब सुटे हवे असतील तर १/२५००. एफ ८ चं कारण असं की ७०-३०० प्रकारच्या लेन्स ३०० वर पूर्ण उघड्या छिद्राला मऊ असतात. दुसरं, ५० मीटरवर एफ ८ ला मागेपुढे मिळून सुमारे नऊ मीटरचा पट्टा धारदार राहतो, त्यामुळे फोकस थोडा चुकला तरी खपतो.

फोकस हा खरा घोळ आहे. डॉल्फिन खाली गेल्यावर बोट शटरवर अर्धं दाबलेलं राहिलं की कॅमेरा सपाट पाण्यावर काही सापडेना म्हणून पुढे-मागे धावत राहतो, आणि पाठ वर येते तेव्हा तो कुठेतरी वीस मीटरवर अडकलेला असतो. म्हणून फोकस शटरवरून काढून मागच्या बटणावर द्या. सततचा फोकस, मधला छोटा झोन. पाठ दिसली की बटण दाबा, खाली गेली की सोडा. फोकस त्याच अंतरावर थांबून राहतो आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते. नव्या कॅमेऱ्यांतली प्राणी ओळखणारी सोय पाण्यावरच्या चमकेला भुलते. इथे ती बंद बरी.

ते श्वास घ्यायला थोड्या थोड्या सेकंदांनी तीन-चार वेळा वर येतात आणि मग लांब बुडी मारतात. पहिली पाठ सोडून द्या, तिने दिशा कळते. दुसरी-तिसरी थोडी पुढे, त्याच रेषेत येते. तिथे चौकट आधीच नेऊन ठेवा. आधी चोच दिसते, मग कुबड आणि त्यावरचा छोटा पर (पाठीवरचा कल्ला), शेवटी कमान. चोच दिसताक्षणी चार-पाच फोटोंची छोटी मालिका, बोट उचला, पुन्हा. बोट दाबून ठेवलं तर साध्या कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी (बफर) मोठ्या रॉ फाइल्सनी काही सेकंदांत भरते आणि ऐन कमानीला कॅमेरा गप्प बसतो.

ट्रायपॉड, मोनोपॉड दोन्ही घरी ठेवा. इंजिनाची थरथर फळीतून थेट कॅमेऱ्यात जाते. त्याच कारणाने कोपर कठड्यावर टेकू नका, अंगाला चिकटवा. तुमचं शरीरच धक्का शोषतं.

ध्रुवीकरण फिल्टर लावला तर पाण्याची चकाकी कमी होते, मला तो सकाळी उपयोगी वाटतो.

खाडीकाठ

वरच्या दोघांशी बहुतेक सहमत, दोन ठिकाणी नाही.

ध्रुवीकरण फिल्टर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). सकाळी साडेसातला १/२००० हवं असताना ते परवडत नाही, आयएसओ तिप्पट ते चौपट होतो. शिवाय होडी वळली की त्याचा कोन बदलतो, दर वळणाला रिंग फिरवत बसावी लागते. नऊनंतर वाळूच्या दांड्यावर ठीक, डॉल्फिनसाठी नको.

दुसरं, इंजिन. न्यूट्रल म्हणजे न्यूट्रल, पूर्ण बंद करायचा आग्रह कुणी धरू नये, आणि कर्लीच्या मुखात तर कधीच नाही. तिथे ओहोटीला खाडीचा ओढ बाहेर आणि समुद्राची लाट आत अशी गाठ पडते, दांड्यावर लाट फुटते. इंजिनाविना होडी आडवी होते आणि आडव्या होडीला लाट बाजूने बसते. मुखातून जाता-येता कॅमेरा पिशवीत, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळलेले, सगळे बसलेले. इथे काही दिसलं तरी उठायचं नाही. बाहेर आल्यावर तांडेल, म्हणजे होडीचा वाहक, जिथे म्हणेल तिथेच थांबा. त्याला पाणी आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मीठ. लेन्सवर थेंब सुकला की त्यात मिठाचे कण राहतात. कोरड्या कापडाने पुसलं तर ते कण काचेवर ओरखडे काढतात. क्रम असा: आधी रबरी फुंकणीने हवा, मग प्यायच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर, मग कोरडं. दोन कापडं दोन वेगळ्या झिप पिशव्यांत ठेवा, एकत्र ठेवली की दोन्ही खारट होतात. झूमची नळी बाहेर आलेली असताना तुषार बसले तर पुसल्याशिवाय ती आत घेऊ नका, नाहीतर खारं पाणी आत ओढलं जातं. लेन्स बदलणं होडीत पूर्ण बंद. हुड कायम लावलेला असू द्या, तुषारांपासून तोच पहिला आडोसा.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर धुकं धरतं आणि ते जायला अर्धा तास लागू शकतो, म्हणजे नेमका चांगल्या उजेडाचा अर्धा तास. आदल्या रात्री बॅग एसीबाहेर, पडवीत ठेवा.

डोळा व्ह्यूफाइंडरला सतत लावून ठेवला की मळमळ लवकर सुरू होते. दोन बुड्यांच्या मधे क्षितिजाकडे पाहा. त्रास होणारे असतील तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी घ्या, होडीत बसल्यावर घेऊन उपयोग नसतो.

सुरय

पक्ष्यांचं मी सांगते. सकाळचा वारा पूर्वेकडून, आणि पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, वाऱ्याकडेच उडतात. म्हणजे कुरव (गल) आणि सुरयांची (टर्न) तोंडं जमिनीकडे, उन्हाकडे. होडी वाळूच्या पूर्वेला असेल तर डोळ्यांत चमक असलेले, समोरून येणारे पक्षी मिळतात. खारा वारा सुरू झाला की सगळे पाठ फिरवतात. म्हणून डॉल्फिन आधी आणि पक्षी शेवटी या क्रमापेक्षा वाळूवर आधी वीस मिनिटं देऊन मग बाहेर जावं असं मी सुचवेन. नंतर तिथे पर्यटकांची गर्दी होते आणि पक्षी उरत नाहीत.

पण भरती-ओहोटी पाहून. पूर्ण भरतीला वाळू आक्रसते आणि पक्षी दाटीने बसतात, ओहोटीला विखुरतात. जवळ जाताना तिरकं जा, सरळ नको. आधी माना वर होतात, मग चालू लागतात, मग उडतात. माना वर झाल्या की तिथेच थांबा. थवा उडवून फोटो काढायला सांगणारे वाहक भेटतील, त्यांना नको म्हणा. हे पाहुणे पक्षी हिवाळ्यात परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात, दर उड्डाणाला ती खर्च होते.

पांढरा कुरव गडद पाण्यावर असेल तर एक्स्पोजर उणे ०.३ ते ०.७, नाहीतर पिसांचा पोत जळतो. ब्राह्मणी घार किंवा समुद्री गरुड, म्हणजे आपला काकण, आकाशावर असेल तर अधिक १, नाहीतर पोटाखालचा भाग काळाच राहतो. घारींना मासे किंवा कोंबडीचे तुकडे टाकून खाली बोलावतात, त्याला साथ देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत हाकणं आणि आमिष दाखवणं हेही येतं. डॉल्फिन तर पहिल्या अनुसूचीत आहे. किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर काकणाचं मोठं काटक्यांचं घरटं दिसलं तर होडी थांबवू नका, चालत्या होडीतून काय मिळेल ते घ्या.

वेंगुर्ला रॉक्सबद्दल स्पष्ट सांगते: याच सकाळी जोडू नका. ते खुल्या समुद्रात आहेत, तिथल्या लाटेला ही छोटी होडी नको, आणि तिकडे पोचेपर्यंत उजेड कडक झालेला असतो. स्वतंत्र दिवस ठेवा, मोठी होडी घ्या, समुद्र शांत असेल तरच जा आणि वन विभागाकडे आधी चौकशी करा. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. या पाकोळ्या अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात आणि लाळेने घरटी चिकटवतात. गुहेत टॉर्च किंवा फ्लॅश मारला की पक्षी एकदम बाहेर पडतात, अंडी आणि पिल्लं खाली पडू शकतात. होडीतच राहून, गुहेच्या तोंडाशी बाहेर येणाऱ्या पाकोळ्या १/३२०० ला टिपा. त्या घरट्यांची चोरटी विक्री पूर्वी उघडकीस आली आहे, त्यामुळे गुहेचा नेमका ठावठिकाणा फोटोसोबत टाकू नये ही कळकळीची विनंती.

ओलीवाळू

खूप आभार. आधी वाळू, मग बाहेर, असा क्रम ठरवतो, त्या दिवसाची भरतीची वेळ पाहून. वेंगुर्ला रॉक्स या वेळी नाही. फोनवाल्यांसाठी काही?

चौकट_रेषा

फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ५० मीटरवर सुमारे ७० मीटर रुंदीचं पाणी येतं, त्यात मीटरभर पाठ म्हणजे ठिपका. ३ पट टेलिफोटो असेल तर रुंदी साधारण २३ मीटर, तो वापरा. बोटांनी ताणलेला झूम नको, तो नंतर कापूनही तेवढाच मिळतो. एकेक फोटोऐवजी ४के, ६० फ्रेमचा व्हिडिओ सलग चालू ठेवा आणि नंतर त्यातली फ्रेम काढा, ती सुमारे ८ मेगापिक्सेलची असते. फोन आडवा, गळ्यात दोरी, आणि दर दहा मिनिटांनी काच पुसा. व्हिडिओत होडीतल्या लोकांनी शांत राहिलं तर श्वासाचा फस्स आवाजही येतो, तो कॅमेऱ्याच्या फोटोत मिळत नाही.

मतलई

एक राहिलं. बाजूने, पूर्ण पर चौकटीत असलेला, निदान एक फोटो दर डॉल्फिनचा घ्या, दिसायला तो साधा वाटला तरी. पराच्या मागच्या कडेवरचे खाचे आणि व्रण प्रत्येकाचे वेगळे असतात, अभ्यासक त्यावरूनच एकेक प्राणी ओळखतात. कॅमेऱ्याचं घड्याळ आदल्या रात्री फोनशी जुळवा आणि होडीत फोनवर ठिकाणाची नोंद चालू ठेवा. मूळ फाइल न कापता जपून ठेवा. मरीन मॅमल रिसर्च अँड कॉन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडिया अशा नोंदी घेतं: तारीख, वेळ, ठिकाण, गटात किती होते, पिल्लू होतं का. पिल्लू आईला चिकटून पोहतं आणि रंगाने फिकट असतं. ते दिसलं तर ५० मीटरसुद्धा कमी समजा, होडी आणखी मागे घ्यायला सांगा.