शब्दचर्चा: 'सर्क्युलर डिपेन्डन्सी'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

डिप्लोमाच्या मुलांसाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नोट्स मराठीत लिहितोय. बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, म्हणून क्लास (आराखडा), ऑब्जेक्ट (त्यावरून बनलेली वस्तू) हे शब्द तसेच ठेवलेत पण समजावणं सगळं मराठीत. आता सर्क्युलर डिपेन्डन्सीपाशी अडलोय. म्हणजे ऑर्डर क्लासला कस्टमर लागतो आणि कस्टमरला ऑर्डर लागते, एकात बदल केला की दुसरा मोडतो, टेस्ट लिहायची तर दोन्ही एकदम उचलून आणावे लागतात. मी 'वर्तुळाकार अवलंबित्व' लिहिलं होतं पण वाचताना खटकतंय. 'परस्परावलंबन' चालेल का?

प्रतिसाद

खटकणारच हो, वर्तुळाकार म्हणजे नुसता आकार गोल, वर्तुळाकार मैदान असतं तसं, इथे फिरून त्याच जागी येणं सांगायचंय. आणि परस्परावलंबन हा शाळेच्या पुस्तकातला चांगल्या अर्थाचा शब्द आहे, फूल आणि मधमाशी, शहर आणि खेडं वगैरे. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही.

आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, यासाठी शब्द तयार आहेत आणि ते दोष म्हणूनच सांगितलेत. स्वतःच्या सिद्धतेसाठी स्वतःचाच आधार घेतला तर आत्माश्रय. दोघांनी एकमेकांचा घेतला तर अन्योन्याश्रय. तीन किंवा जास्त जणांतून फिरून परत पहिल्याकडे आलं तर चक्रक. आणि आधाराला आधार शोधत गेलं नि शेवटच सापडला नाही तर अनवस्था. तुमच्या उदाहरणात दोनच क्लास आहेत म्हणून अन्योन्याश्रय.

गंमत बघा, ऑर्डरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) नवीन कस्टमर बनवा आणि कस्टमरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये नवीन ऑर्डर, जावाचा कंपायलर एका शब्दाने तक्रार करत नाही, चालवलं की स्टॅकओव्हरफ्लो, म्हणजे कॉलसाठी ठेवलेली मेमरी संपून प्रोग्रॅम कोसळतो, कारण प्रत्येक वेळी आधीचा नाही तर नवाच ऑब्जेक्ट मागितला जातो. म्हणजे अन्योन्याश्रयातून थेट अनवस्था! मला हे शब्द फार आवडतात, ते नुसते शोभेचे नाहीत, खरोखर फरक दाखवतात.

प्रतिसाद

शब्द बरोबर आहे पण पोरांना आधी म्हण सांगा, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये दोन बीन (स्प्रिंग स्वतः बनवून देतं ते ऑब्जेक्ट) एकमेकांना कन्स्ट्रक्टरमधून मागतात तेव्हा अगदी हेच होतं, पहिला कोण बनणार? फील्डमधून (क्लासमधल्या व्हेरिएबलमधून) मागितले की पूर्वी स्प्रिंग कसंबसं निभावून न्यायचं, पण २०२१ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट २.६ पासून तेही डिफॉल्टने बंद, ॲप सुरूच होत नाही, आणि ते योग्यच केलं असं माझं मत.

अजून एक, मुलं हमखास 'अनन्याश्रय' लिहितील. अनन्य म्हणजे ज्याला दुसरा नाही, अर्थ पार उलटा होईल. अन्यः अधिक अन्य, अन्योन्य, हे फळ्यावर फोडून दाखवा.

प्रतिसाद

एक भर घालतो. सर्क्युलर रेफरन्सला हाच शब्द लावू नका. तिथे चालू प्रोग्रॅममधले दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसतात, स्विफ्टसारख्या, ऑब्जेक्टला किती जणांनी धरलंय ते (रेफरन्स) मोजणाऱ्या भाषेत मग मेमरी सुटत नाही, एक बाजू वीक (मोजणीत न धरलेली) करावी लागते. जावात बाहेरून कोणी धरलेलं नसेल तर गार्बेज कलेक्टर (न लागणारे ऑब्जेक्ट काढून मेमरी मोकळी करणारा) दोघांनाही उचलतो. त्याला 'संदर्भचक्र' म्हणा. अन्योन्याश्रय हा कोडच्या रचनेतला दोष आहे, तो गार्बेज कलेक्टर काढणार नाही, तो आपल्यालाच काढावा लागतो. सी प्लस प्लसमध्ये फॉरवर्ड डिक्लरेशन (क्लासचं नुसतं नाव आधी सांगणं) देऊन कंपाइल होतं, तेही पॉइंटर किंवा रेफरन्स असेल तरच, आख्खा ऑब्जेक्ट मेंबर म्हणून ठेवला तर कंपायलरला साइज कळत नाही. पण कंपाइल झालं म्हणजे आश्रय तुटला असं नाही, हे नोट्समध्ये ठळक लिहा.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. असं लिहिलंय, बघा: "ऑर्डर आणि कस्टमर यांच्यात अन्योन्याश्रय आहे. कस्टमरला खरंतर ऑर्डरमधली फक्त रक्कम हवी आहे, तेवढ्यापुरता एक इंटरफेस (काय पुरवायचं एवढंच सांगणारा करार) वेगळा काढा, कस्टमर त्याच्यावर अवलंबून राहील, ऑर्डर तो इंटरफेस पुरवेल, म्हणजे कस्टमरकडून ऑर्डरकडे जाणारा बाण उरत नाही." कंसात सर्क्युलर डिपेन्डन्सी ठेवतोय, इंटरव्ह्यूत तोच शब्द विचारतात.

चक्रकासाठी ऑर्डरला इन्व्हॉइस, इन्व्हॉइसला कस्टमर, कस्टमरला परत ऑर्डर असं घेतोय. आत्माश्रयाचं सोपं उदाहरण कोणाला सुचतंय का?