ओढा आटतो तेव्हा शाळेलाही सुट्टी असते

उन्हाळ्यात ओढा आटतो म्हणून कोकणातल्या शाळेला ओढ्याच्या पाण्यावर वीज बनवणारं छोटं टर्बाइन निरुपयोगी, हे या चर्चेत मांडलेलं मत पटलं नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टीच असते, फेब्रुवारी-मार्च सोलरवर निघतो. उलट जुलै-ऑगस्टच्या ढगांत पॅनेल मंदावतात तेव्हाच ओढ्याला जोर असतो. सेकंदाला १० लिटर पाणी २० मीटर उंचीवरून पाइपाने आणलं, तर निम्मी शक्ती वाया जाऊनही सुमारे १ किलोवॅट मिळते. दिवे, पंखे, एखादा टीव्ही आरामात चालतो.

लोड कंट्रोलरचा, म्हणजे टर्बाइनवरचा विजेचा भार सारखा राखणाऱ्या यंत्राचा, विषय मात्र चर्चेत कुणीच काढला नाही. शाळा सुटून दिवे-पंखे बंद झाले की भार जातो, टर्बाइन सुसाट फिरतं, व्होल्टेज चढतं. कंट्रोलर ही उरलेली वीज पाण्यातल्या हीटरकडे वळवतो. अंदाजपत्रकात तो आधी धरा. आणि पाणी घेतो तिथली जाळी पावसाळ्यात रोज साफ करणारा माणूसही ठरवा, पालापाचोळ्याने ती फार लवकर तुंबते.