मदत हवी आहे: इंटेलिजन्स ६ असलेलं कॅरेक्टर कसं खेळू?

नमस्कार मंडळी, आम्ही पाच जण दर रविवारी कोथरूडला एका मित्राकडे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळतो, फिफ्थ एडिशन. यावेळी फासे टाकून स्टॅट्स, म्हणजे पात्राच्या गुणांचे आकडे, काढले आणि माझ्या बार्बेरियनला (रांगडा लढवय्या) इंटेलिजन्स आला ६, म्हणजे मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा) उणे २. विझ्डम मात्र १४. आता मला कोडी म्हणजे जीव की प्राण, त्यामुळे दारावरचं कोडं डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) वाचलं आणि उत्तर लगेच सुचलं, पण बोलणार कसं, माझ्या गड्याला लिहिता-वाचता येत नाही असं मीच ठरवलेलं, आणि जी मैत्रीण विझार्ड (जादूगार) खेळते, इंटेलिजन्स १८, ती अर्धा तास अडकून बसली आणि शेवटी म्हणाली, "माझ्या विझार्डला येईल रे हे, मला नाही येत." फार वाईट वाटलं.

पण जास्त लागलं ते वेगळंच. गडी मठ्ठ दाखवायचा म्हणून मी त्याच्या तोंडी "म्या न्हाय जानार" असली भाषा घातली. सगळे हसले. नंतर चहा गाळता गाळता आमच्यातला एक जण, जुन्नरकडचा, हळूच म्हणाला, "माझी आजी अशीच बोलते." बास, एवढंच. तेव्हापासून त्या कॅरेक्टरसाठी तोंडच उघडवत नाहीये. काय करू?

प्रतिसाद १
आधी त्या मित्राशी बोल, खेळाच्या बाहेर. गड्याची भाषा तुझी रोजचीच ठेव, वाक्यं छोटी, बस. इंटेलिजन्स म्हणजे स्मरणशक्ती, तर्क, माहिती; विझ्डम म्हणजे नजर आणि माणसाची पारख. १४ विझ्डमवाला गडी समोरचा खोटं बोलतोय हे बाकीच्यांच्या आधी ताडेल, फक्त कशावरून ते त्याला सांगता येणार नाही. हे खेळून बघ, मठ्ठपणापेक्षा कितीतरी भारी वाटतं.

कोड्याचं उत्तर सुचलं तर खेळाडू म्हणून मैत्रिणीला सांग, गोष्टीत ते तिची विझार्ड बोलेल. आणि डीएमला म्हणावं, अडलं की तिला इंटेलिजन्स चेक मारू दे, म्हणजे फासा टाकून त्यात इंटेलिजन्सचा मॉडिफायर मिळवू दे, जमला तर एक क्लू दे. कुऱ्हाड चालवायला तुला खरी ताकद लागत नाही ना, मग तिलाच का स्वतःच्या डोक्याने सोडवायला लावायचं?

धागाकर्ता
कुऱ्हाडीचं एकदम पटलं, डीएमला हेच सांगतो. मित्राला आत्ताच फोन लावतोय.