जिप्सीचं हूड, ऊन आणि धूळ

सिडको, संभाजीनगर: २००४ची सॉफ्ट टॉप, म्हंजे कापडी हूडची मारुती जिप्सी घेतलीय, १२९८ सीसी, पहाटे हूड काढून दौलताबादवरून खुलताबादला घाट चढायचं म्हणजे लई सुख वाटायलंय, पण धूळ सगळीकडं शिरायली अन् सीटा तापायल्यात, काय करावं?

लातूर: भाऊ, एअर फिल्टर आधी. मी दर हजार किलोमीटरला झटकतो. अन् गाडी लिंबाखाली लावा, उन्हात हूडचं कापड तडकतं.

नांदेड: चारी चाकांना स्प्रिंगचे पाटे आहेत, शॅकलला, म्हंजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीला, ग्रीस मारत जा. पावसाळ्याआधी मॅट काढून खालची भोकं मोकळी करा, पाणी साचून माझा पत्रा सडला राव, फार जीव जळला.

सिडको, संभाजीनगर: भोकं बुजलेलीच निघाली! उद्याच करतो.